खेकड्याचे कवच खरोखर विरघळते का? सागराचा सामू, लवणता आणि कवचधारी प्राण्यांचे शरीर

ओहोटीची_रेघ

सागरी आम्लीकरणावरील एका भित्तिपत्रकाचा मराठी मजकूर तपासून देण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. त्यात एक वाक्य आहे : "समुद्राचे पाणी आम्लधर्मी होत असल्यामुळे खेकडे, कोळंबी आणि शेवंड यांची कवचे विरघळतील." वाक्य सुटसुटीत आहे आणि लक्षातही राहते, पण ते मला खरे वाटत नाही, आणि त्याच्या जागी काय लिहावे हेही सुचत नाही.

माझ्या शंका अशा. समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू (पीएच, ज्यात ७ च्या खालचे पाणी आम्लधर्मी मानतात) औद्योगिक काळापूर्वी सुमारे ८.२ होता, तो आता सुमारे ८.१ आहे. म्हणजे पाणी अजूनही आम्लधर्मी नाही, ते त्या दिशेने सरकले आहे एवढेच. दुसरे असे की, अमेरिकेतील वुड्स होल येथील सागरविज्ञान संस्थेत झालेला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग माझ्या वाचनात आला. त्यात कवच किंवा सांगाडा बांधणाऱ्या १८ प्रजाती ६० दिवस वेगवेगळ्या कार्बन डायऑक्साइडच्या पाण्यात ठेवल्या होत्या. त्यांतील निम्म्याहून अधिक प्रजातींची कवचबांधणी मंदावली, मात्र निळा खेकडा, अमेरिकी लॉबस्टर आणि एक मोठी कोळंबी यांच्या कवचात खनिज उलट अधिक साचले. तिसरे म्हणजे, या मजकुरात लवणतेचा उल्लेखच नाही. पाण्यातील मीठ कमी-अधिक होण्याचा या साऱ्याशी काही संबंध आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

अरुंधती_के

तुमचा संशय रास्त आहे. शिंपला एकच कवच आयुष्यभर वाढवत नेतो, तर खेकडा जुने कवच टाकून दर वेळी नवे बांधतो. शिवाय दोन्हींची घडणही वेगळी आहे. खेकड्याच्या कवचाचा पाया कायटिन (एक चिवट कर्बोदक) आणि प्रथिने यांच्या तंतूंचा असतो, आणि त्या तंतूंच्या जाळ्यात कॅल्शियम कार्बोनेट भरलेले असते, काही कॅल्साइटच्या स्फटिकांच्या रूपात आणि काही अस्फटिक रूपात. सर्वांत बाहेर मेणासारख्या द्रव्यांचा एक पातळ थर असतो आणि त्यात खनिज जवळजवळ नसते. त्यामुळे धडधाकट, प्रौढ खेकड्याच्या कवचातील चुना समुद्राच्या पाण्याला थेट उघडा पडत नाही.

आता २००९ च्या प्रयोगाविषयी. पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळला की कार्बोनेट आयन कमी होतात आणि बायकार्बोनेट आयन वाढतात. खेकड्याला कवचासाठी तयार कार्बोनेटची गरज नसते, तो बायकार्बोनेट वापरतो. मात्र कॅल्शियम आणि बायकार्बोनेट यांच्यापासून कॅल्शियम कार्बोनेटचा प्रत्येक रेणू तयार होताना एक हायड्रोजन आयन सुटतो आणि तो बांधकामाच्या जागेवरून दूर करावा लागतो. ज्या प्राण्याचे आयन-पंप (पेशीच्या आवरणातून आयन आत-बाहेर ढकलणारी प्रथिने) जोरकस आहेत त्याला कच्चा माल वाढलेला मिळतो आणि सुटलेले आम्लही बाहेर टाकता येते. म्हणून कवच जाड झाले, यात मला आश्चर्य वाटत नाही. मात्र त्या प्रयोगात मोजले ते साचलेले खनिज. ते साचवण्यासाठी प्राण्याने किती ऊर्जा खर्च केली, हे वजनावरून कळत नाही. भित्तिपत्रकाने बोलायला हवे ते या खर्चाविषयी.

सामू_सात

रसायनशास्त्र शिकवतो म्हणून एक दुरुस्ती सुचवतो. ८.२ वरून ८.१ हा फरक वाचताना किरकोळ वाटतो, पण सामूची मोजपट्टी लघुगणकी आहे. ०.१ ने सामू उतरला की हायड्रोजन आयनांची संहती साधारण २६ टक्क्यांनी वाढते, आणि ०.३ ने उतरला की ती दुप्पट होते. भित्तिपत्रकात सामूचे आकडे दिलेत तर हे वाक्यही जवळच असू द्या, नाहीतर वाचक "एवढेच ना?" म्हणून पुढे जाईल.

आणखी एक विनंती शब्दाविषयी. आपण मराठीत "क्षारता" हा एकच शब्द पाण्यातील मिठाच्या प्रमाणालाही वापरतो आणि पाण्याच्या आम्ल पचवण्याच्या क्षमतेलाही वापरतो. या विषयात त्या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी येतात आणि त्यांचा घोटाळा झाला की सगळे विवेचन कोसळते. मिठासाठी "लवणता" आणि दुसरीसाठी "अल्कता" लिहावे, असे मला वाटते.

तळेराखण

सामू_सात यांच्या मुद्द्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. मी पांढऱ्या पायांच्या कोळंबीची तळी सांभाळतो, आणि सुरुवातीच्या वर्षी याच शब्दाने माझे नुकसान झाले. पाणी तपासणीच्या अहवालात "क्षारता पुरेशी" असे लिहिले होते. मी ते मिठाविषयी समजलो, अल्कता मात्र फार कमी होती. दोन दिवस जोराचा पाऊस झाला, एका रात्रीत पुष्कळ कोळंब्यांनी कात टाकली, आणि त्यांची नवी कवचे कडकच होईनात. बोटाने दाबली तर कागदासारखी दबत होती. मऊ पडलेल्या कोळंब्या बाकीच्यांनी खाल्ल्या.

समुद्राच्या पाण्याची अल्कता कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात लिटरला सुमारे ११५ ते १२० मिलिग्रॅम असते. पावसाच्या पाण्यात ती नसल्यासारखीच. म्हणजे पाऊस पडला की लवणता आणि अल्कता दोन्ही एकदमच उतरतात, आणि सामू सांभाळणारा आधार नेमका त्याच वेळी जातो. त्यानंतर मी रोज पहाटे आणि दुपारी, दोन्ही वेळा सामू मोजतो. शेवाळामुळे दुपारी तो चढतो आणि रात्री श्वसनामुळे उतरतो. एकदाच मोजून काही कळत नाही.

नवशिका

माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे. पाण्यातले मीठ कमी झाले तर खेकड्याला त्रास का व्हावा? तो तर कवचाच्या आत आहे.

अरुंधती_के

प्रश्न प्राथमिक असला तरी साऱ्या विषयाचा गाभा त्यातच आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

कवच कितीही कठीण असले तरी श्वासासाठी कल्ले पाण्यात उघडेच ठेवावे लागतात, आणि कल्ल्यांची त्वचा अतिशय पातळ असते. समुद्राच्या पूर्ण खाऱ्या पाण्यात, म्हणजे किलोला सुमारे ३५ ग्रॅम मीठ असताना, बहुतेक सागरी खेकड्यांचे रक्त आणि बाहेरचे पाणी जवळजवळ सारखेच खारे असते. ओढाताण फारशी नसते. पाणी गोडसर झाले की तर्षणामुळे, म्हणजे कमी खाऱ्या बाजूकडून अधिक खाऱ्या बाजूकडे जाण्याच्या पाण्याच्या ओढीमुळे, ते आत शिरू लागते आणि शरीरातले मीठ बाहेर झिरपू लागते. कोळी-खेकड्यांसारखे काही प्राणी या बदलाला विरोधच करत नाहीत. त्यांचे रक्त पाण्याबरोबर पातळ होत जाते आणि ठरावीक मर्यादेपलीकडे ते मरतात. युरोपीय किनाऱ्यावरचा हिरवा खेकडा आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा निळा खेकडा मात्र लवणता किलोला साधारण २६-२७ ग्रॅमच्या खाली गेली की विरोध सुरू करतात. किलोला १० ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यातही निळा खेकडा आपले रक्त बाहेरच्या पाण्याच्या दुपटीहून अधिक संहत ठेवतो.

हे काम करतात ते मागच्या बाजूचे कल्ले. पुढचे कल्ले मुख्यतः श्वसनासाठी असतात आणि मागच्या कल्ल्यांत आयन-पंपांची दाटी असते. सोडियम-पोटॅशियम पंप एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या द्रव्याचा एक रेणू खर्चून तीन सोडियम आयन पेशीबाहेर रक्तात टाकतो आणि दोन पोटॅशियम आयन पेशीत घेतो. बाहेरच्या पाण्यातून सोडियम आत घेताना त्याच्या बदल्यात हायड्रोजन आयन बाहेर जातो, आणि क्लोराइड आत घेताना बायकार्बोनेट बाहेर जातो. हे दोन्ही बदली आयन कुठून येतात? कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांच्यापासून, कार्बॉनिक अनहायड्रेज नावाच्या विकराच्या मदतीने. लवणता उतरली की मागच्या कल्ल्यांतील या विकराची क्रियाशीलता कित्येक पटींनी वाढते.

आता या चित्रात आम्लीकरण आणा. बाहेर कार्बन डायऑक्साइड वाढला की तो रक्तातही वाढतो आणि रक्ताचा सामू उतरतो. तो सावरण्यासाठी खेकडा हायड्रोजन आयन बाहेर टाकतो आणि बायकार्बोनेट रक्तात साठवतो. म्हणजे मिठासाठी जो बायकार्बोनेट बाहेर द्यायचा, तोच आम्लासाठी आत राखायचा. दोन्ही कामे त्याच कल्ल्यांतून आणि त्याच विकराच्या आधाराने होतात. लवणता आणि सामू या दोन स्वतंत्र अडचणी आहेत असे भित्तिपत्रकात सुचवले गेले, तर खेकड्याच्या शरीरात त्या एकाच जागी येऊन आदळतात ही गोष्ट वाचकापर्यंत पोहोचणारच नाही.

नवशिका

मनापासून आभार. मूत्रपिंडासारखा अवयव मदत करत नाही का?

अरुंधती_के

डोळ्यांजवळ, शृंगिकांच्या मुळाशी हरितग्रंथी असतात. पण बहुतेक सागरी खेकड्यांचे मूत्र रक्ताइतकेच खारे असते, त्यामुळे आत आलेले पाणी त्या बाहेर काढू शकतात, मीठ मात्र वाचवू शकत नाहीत. गोड्या पाण्यातील क्रेफिश पातळ मूत्र तयार करतो, म्हणून त्याचे भागते. सागरी खेकड्यात या ग्रंथींचे मोठे काम मॅग्नेशियम आणि सल्फेट बाहेर टाकण्याचे असते.

तळेराखण

पोटॅशियमचा उल्लेख आला म्हणून लिहितो. जमिनीतून उपसलेल्या खाऱ्या पाण्यात कोळंबी वाढवणाऱ्यांना हा धडा फार महागात पडलेला आहे. असे पाणी चवीला खारे असते, लवणतामापकावर आकडा बरोबर येतो, आणि तरीही कोळंबी मरते. कारण समुद्राच्या पाण्यात सोडियम आणि पोटॅशियम यांचे वजनी प्रमाण सुमारे २८ ला १ असते, आणि भूजलात पोटॅशियम पुष्कळदा फारच कमी असते. पोटॅशियम नसेल तर तो पंप चालणार कसा? म्युरेट ऑफ पोटॅश हे पोटॅशियमयुक्त खत घालून हे प्रमाण सुधारले की कोळंबी तगते. म्हणून लवणता म्हणजे एक आकडा असे मी मानत नाही. त्या आकड्यात कोणता आयन किती आहे, हे प्राण्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे असते.

शिंपलेवेचा

इथवरची चर्चा वाचून "कवच विरघळत नाही" असा निष्कर्ष कोणी काढला तर तोही घाईचा ठरेल. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर खोल समुद्रातील कार्बन डायऑक्साइडने भरलेले पाणी वर येते. तेथे २०१६ मध्ये गोळा केलेल्या डंजनेस खेकड्याच्या डिंभांचा (अंड्यातून निघाल्यानंतरच्या कोवळ्या अवस्थांचा) अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्या डिंभांच्या कवचावर विरघळल्याच्या खुणा स्पष्ट दिसल्या, आणि कवचावरील स्पर्श जाणणाऱ्या सूक्ष्म केसांनाही इजा झालेली आढळली. हे प्रयोगशाळेतले भविष्यकालीन पाणी नव्हते, आजच्या समुद्रातले होते. तेव्हा अरुंधतीताईंचे विधान प्रौढ प्राण्यापुरते बरोबर आहे, डिंभांना ते जसेच्या तसे लावता येणार नाही.

अरुंधती_के

मान्य. "धडधाकट, प्रौढ" असे शब्द मी घातले होते, पण डिंभांविषयी वेगळे लिहायला हवे होते. त्यांचे कवच अतिशय पातळ असते आणि कल्ल्यांतील पंपही पूर्ण विकसित झालेले नसतात.

क्रिल या कोळंबीसारख्या लहान सागरी प्राण्याच्या बाबतीतही वयाचा हा फरक ठळक दिसतो. अंटार्क्टिक क्रिलची अंडी शेकडो मीटर खाली बुडत जातात, आणि तेथील पाण्यात कार्बन डायऑक्साइड पृष्ठभागापेक्षा अधिक असतो. प्रयोगात दशलक्ष भागांत १००० भाग कार्बन डायऑक्साइडपर्यंत भ्रूण नीट वाढले, पण २००० भागांना बहुतेकांची वाढ सुरुवातीलाच थांबली. याउलट प्रौढ क्रिल तशा पाण्यात कित्येक महिने जगल्याचे नंतरच्या प्रयोगात दिसले. केवळ प्रौढ प्राणी पाहून प्रजातीचे भवितव्य ठरवता येत नाही.

प्रयोगवही

मी एका प्रयोगशाळेत काम करते. या विषयावरील निष्कर्ष वाचताना दोन गोष्टी अवश्य तपासाव्यात. पहिली म्हणजे सामू कसा उतरवला. काही जुन्या प्रयोगांत पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले गेले. त्याने सामू उतरतो खरा, पण अल्कताही उतरते. समुद्रात कार्बन डायऑक्साइड मुरतो तेव्हा अल्कता तशीच राहते आणि बायकार्बोनेट वाढते. वर आपण पाहिले की खेकडा बायकार्बोनेटवरच अवलंबून असतो. मग या दोन पाण्यांतील निकाल सारखे कसे येतील?

दुसरी गोष्ट म्हणजे सामू किती उतरवला. रिकाम्या शंखांत राहणाऱ्या साधू-खेकड्यांवरील २०११ च्या एका प्रयोगात त्यांना योग्य शंख निवडणे जमेना आणि वास घेण्यासाठी शृंगिका हलवण्याचे प्रमाणही कमी झाले, पण तेथे सामू ६.८ होता. उत्सर्जन चढेच राहिले तरी या शतकाअखेर खुल्या समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू साधारण ०.३ ते ०.४ ने उतरेल असा अंदाज आहे. ६.८ चा निकाल शरीरक्रियेची कमकुवत जागा दाखवतो, शतकाअखेरचे भाकीत सांगत नाही. हा फरक भित्तिपत्रकांत नेहमी पुसला जातो आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

खोलपाणी

अशा कमकुवत जागा दाखवणाऱ्या प्रयोगांतील एक मला फार बोलका वाटतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात उथळ पाण्यातील डंजनेस खेकडा आणि खोल समुद्रातील टॅनर खेकडा या दोघांना कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण खूप वाढवलेल्या पाण्यात ठेवले. डंजनेस खेकड्याने रक्तात बायकार्बोनेट साठवून २४ तासांत आपला सामू पूर्ववत केला. टॅनर खेकड्याला ते जमलेच नाही. खोल समुद्रात लवणता, तापमान आणि सामू वर्षानुवर्षे जवळजवळ स्थिर असतात, त्यामुळे जोरकस पंप बाळगण्याची गरज तेथील प्राण्यांना पडलेली नाही. खाडीत राहणाऱ्या खेकड्याला मात्र प्रत्येक भरती-ओहोटीला मिठाचा हिशोब नव्याने करावा लागतो, आणि तीच सवय आम्लाविरुद्धही उपयोगी पडते.

शिंपलेवेचा

मग खाडीतले प्राणी सुरक्षित आहेत असे म्हणायचे का?

खोलपाणी

असे मी म्हणणार नाही. खाडीत पाणी आधीच पातळ, अल्कता आधीच कमी, आणि वरून सेंद्रिय गाळ कुजताना प्राणवायू घटतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. तेथील प्राण्याजवळ साधने चांगली आहेत, पण ती आधीच कामाला जुंपलेली आहेत. शिवाय प्राणवायूचा प्रश्न रक्तापर्यंत जातो. खेकड्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य म्हणजे तांबेयुक्त हीमोसायनिन. रक्ताचा सामू उतरला की त्याची प्राणवायू धरून ठेवण्याची ओढ कमी होते. पाण्यातच प्राणवायू कमी असताना कल्ल्यांत तो पकडण्याची ताकद घटणे, हे दुहेरी संकट आहे. बाल्टिक समुद्रातील कील फियोर्डमध्ये मात्र बार्नॅकलांची (खडकांना चिकटून राहणाऱ्या, खेकड्यांच्याच गटातील कवचधारी प्राण्यांची) एक जात कमी लवणतेच्या आणि ऋतूनुसार कार्बन डायऑक्साइडने भरणाऱ्या पाण्यात चांगली वाढते, हेही नोंदवायला हवे. सरसकट विधान कोणत्याही बाजूने टिकत नाही.

नवशिका

खर्च, खर्च असे सगळे म्हणत आहेत. तो शेवटी कशातून वजा होतो?

प्रयोगवही

प्रजातीप्रमाणे, वयाप्रमाणे आणि मिळणाऱ्या अन्नाप्रमाणे वेगवेगळ्या गोष्टींतून. वाढ मंदावते, दोन कातींमधील अंतर बदलते, अंड्यांसाठीचा साठा घटतो, प्रतिकारशक्ती कमी होते. अलास्कातील लाल राजखेकड्याच्या पिल्लांवरचा २०१३ चा अभ्यास पाहा. सामू ७.८ असताना पिल्लांची वाढ नेहमीच्या पाण्यातील पिल्लांपेक्षा मंदावली, ७.५ असताना ९५ दिवसांत सगळी पिल्ले मेली. टाकीत अन्न वेळेवर मिळते आणि शिकारी नसतो, हेही ध्यानात ठेवा. समुद्रात मंद वाढणारे पिल्लू अधिक दिवस लहान राहते, आणि लहान राहणे म्हणजे अधिक दिवस कोणाच्या तरी तोंडी सापडण्याजोगे राहणे.

तळेराखण

यात कात टाकण्याची वेळ सर्वांत नाजूक, हे माझे अनुभवाचे बोल आहेत. जुने कवच निघाले की प्राणी पाणी शोषून फुगतो, आणि मग नव्या कवचात चुना भरतो. पुरेसे कडक व्हायला खेकड्याला दोन-तीन दिवस लागतात. त्या दोन-तीन दिवसांत त्याला कॅल्शियम आणि बायकार्बोनेट वेगाने आत घ्यायचे असते, सुटलेले आम्ल बाहेर टाकायचे असते आणि पातळ पाण्यात मीठही राखायचे असते. पाऊस नेमका त्याच रात्री आला तर काय होते, ते मी वर लिहिलेच आहे.

ओहोटीची_रेघ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चर्चा वाचून भित्तिपत्रकासाठी नवा मजकूर लिहिला आहे, कृपया तपासावा :

"समुद्रात मुरणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा सामू उतरत आहे आणि अनेक ठिकाणी लवणताही बदलत आहे. खेकडे, कोळंबी आणि शेवंड हे प्राणी रक्तातील मीठ आणि आम्ल यांचा तोल कल्ल्यांतील त्याच पंपांच्या साह्याने राखतात. दोन्ही बदल एकदम आले की त्यासाठी लागणारी ऊर्जा वाढते आणि ती वाढ, प्रजनन व कवचबांधणी यांतून वजा होते. डिंभ, कात टाकलेले प्राणी आणि खोल समुद्रातील प्रजाती यांना धोका सर्वाधिक आहे."

प्रयोगवही

"वजा होते" ऐवजी "वजा होऊ शकते" करा. अन्न भरपूर असेल तर काही प्रजाती हा खर्च झेलतात. बाकी मजकूर मला पटला.

सामू_सात

"सामू उतरत आहे" याच्या पुढे २६ टक्क्यांचे वाक्य राहिले आहे.

ओहोटीची_रेघ

दोन्ही दुरुस्त्या केल्या. जागा कमी पडत होती म्हणून विरघळणाऱ्या खेकड्याचे चित्र काढून टाकायला सांगितले आहे. त्या जागी मागच्या कल्ल्याची आकृती येईल.